चेहऱ्याने साहेब

अर्ज घेऊन आलेला माणूस अदबीने वाकला, तो नेमका शिपायासमोर. टेकडीवरच्या वस्तीत नऊ दिवस नळाला थेंब नाही, साहेबांनी लक्ष घालावं, असं म्हणून त्याने अर्ज पुढे केला. मग शेजारी कपाटात नकाशा शोधणाऱ्या बुटक्या बाईला त्याने प्यायला पाणी आणायला सांगितलं. ती बाई म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयाची इंजिनिअर. बाईंनी पाणी आणून दिलं, त्याचं पिऊन होईपर्यंत थांबल्या, मग अर्ज घेऊन त्यावर सही केली आणि शिक्का मारला. पाणी पिऊन झालं होतं, तरी माणसाला ठसका लागला.

आठवड्यातून दोनदा तरी असं व्हायचं.

शिपायाला सगळे गव्हर्नर म्हणत. सहा फूट उंची, धारदार नाक, मागे वळवलेले रुपेरी केस, आणि आवाज असा की 'चहा आणू का' विचारलं तरी हुकूम सोडल्यासारखं वाटावं. हे सगळं वडिलांकडून आलं होतं, आणि वडील गोदामात हमाल होते. बसमध्ये लोक उठून गव्हर्नरांना जागा देत. दवाखान्यात डॉक्टर त्यांना आजाराचं पूर्ण नाव सांगत. शेजारच्या माणसाला तोच आजार असला तर नुसतं 'गोळ्या घ्या' म्हणत.

ही चैन कुणी काम विचारेपर्यंतच टिकायची. मुलीच्या शाळेत एकदा मुख्याध्यापकांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली होती. फॉर्मवर 'शिपाई' वाचलं आणि उरलेलं बोलणं उभ्या-उभ्याच उरकलं. लोकांना आपण फसवले गेलो असं वाटायचं. जणू नाकडोळे गव्हर्नरांनी भाड्याने आणले होते. मुलगी त्या दिवशी घर येईपर्यंत त्यांच्या चार पावलं पुढे चालली. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, कुणी भेटलं की आधी काम सांगायचं, मग बाकीचं. बायकोला मात्र त्यांनी त्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. ती म्हणाली होती, "बरं झालं. साहेबाला उठसूट बोलता येत नाही." गेली तीस वर्षं ती त्यांना उठसूट बोलत होती आणि दोघं मजेत होते.

इंजिनिअरबाईंचं नेमकं उलटं. चण लहान, केस कापलेले, अंगात चौकटीचा शर्ट, आवाज बारीक. पाइपाला कान लावून गळती कुठे आहे ते सांगायच्या, पण समोरचा माणूस त्यांच्या डोक्यावरून मागे बघत साहेबांची वाट पाहायचा. चेहऱ्यांची अदलाबदल करायची का, असं त्या अधूनमधून विचारत. पगारासकट असेल तर करू, असं गव्हर्नर म्हणत.

त्या दिवशी अर्जवाला गेल्यावर बाई नकाशा घेऊन टेकडीच्या रस्त्याकडे निघाल्या. रस्ता नव्याने केला तेव्हा वस्तीचा व्हॉल्व्ह कुठेतरी खाली गाडला गेला होता आणि आता तो आतल्या आत अडकला होता. नकाशा बघून दुपारपर्यंत दोन खड्डे झाले. दोन्ही कोरडे.

दुपारी वस्तीतली चाळीसएक माणसं कार्यालयावर चालून आली. पुढे लाँड्रीवाला, नऊ दिवस त्याचं दुकान बंद होतं. हेडक्लार्क घामाघूम होऊन गव्हर्नरांजवळ आला.

"आज तुमचा चेहरा कामी येऊ द्या. पाच मिनिटं बाईंच्या खुर्चीत बसा आणि उद्या पाणी येईल म्हणून सांगा. लोक ऐकतील."

ऐकतील हे गव्हर्नरांनाही माहीत होतं. ते दारात आले तेव्हा गलका आपोआप खाली बसला. मागच्या एकाने तर तोंडातली विडी विझवली. चाळीस माणसं त्यांच्या ओठांकडे बघत होती. एक वाक्य बोललं की सगळे मुकाट्याने घरी गेले असते, आणि उद्या पुन्हा कोरडे हंडे घेऊन बसले असते.

"मी इथला शिपाई आहे," गव्हर्नर म्हणाले. "साहेब तुमच्यासाठीच खड्ड्यात उतरल्यात. पाणी कधी येईल ते मला माहीत नाही. चला, त्यांनाच विचारू."

 मग कुणीतरी फिदीफिदी हसलं, कुणी चिडून म्हणालं की शिपायाला पुढे करून आमची थट्टा चालवली आहे. पण गव्हर्नर चालायला लागले होते, आणि त्यांच्या पाठोपाठ चालावंसं वाटावं अशीच त्यांची चाल होती. वरात टेकडीच्या रस्त्याला लागली.

खड्ड्याशी पोचल्यावर लाँड्रीवाल्याने मातीने माखून खड्ड्यात उभ्या असलेल्या बाईंनाच विचारलं, साहेब कुठे आहेत? "इथेच," बाई म्हणाल्या आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं. गव्हर्नर काठावर बसले. नकाशा बघून म्हणाले की हा जुना आहे. बावीस वर्षांपूर्वी मध्ये खडक लागला म्हणून व्हॉल्व्ह अठरा फूट सरकवला होता.

खड्डे खणायचं काम घेतलेला ठेकेदार वैतागला. नकाशाला कळत नाही ते शिपायाला कळायला लागलं, असं काहीतरी तो बोलला, आणि मघाशी गव्हर्नरांपुढे विडी विझवणाऱ्या माणसाने मान डोलावली. हेच गव्हर्नर साहेब म्हणून बोलले असते तर याच लोकांनी रस्ता उखडला असता.

बाईंनी फक्त विचारलं, "कुठल्या बाजूला?"

"लाँड्रीच्या पायरीकडे."

"खात्री?"

"मोजायच्या टेपचं एक टोक माझ्या हातात होतं."

"खणा," बाई म्हणाल्या.

मजूर सकाळपासून खणून थकले होते. ते कुदळ उचलेनात. तेव्हा गव्हर्नरांनी बाह्या वर केल्या आणि पहिला घाव स्वतः घातला. लाँड्रीवाला आपल्या पायरीची अवस्था बघून आधी कळवळला, मग त्यानेही फावडं घेतलं. चार फूट खाली लोखंडावर लोखंड वाजलं. ठेकेदार स्वतः माती उपसायला उतरला.

व्हॉल्व्हच्या लोखंडी झाकणाखालची विहीर इतकी अरुंद होती की तिच्यात उतरण्याजोगं माणूस तिथे एकच होतं. बाई आत शिरल्या. खालून त्यांनी गंज खरवडला, तेल सोडलं, आणि वर गव्हर्नरांनी व्हॉल्व्ह फिरवायच्या लांब किल्लीला खांदा लावला. पहिल्यांदा काहीच हललं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा किल्ली बोटभर फिरली आणि पाइपातून आधी हवा, मग घशात काही अडकल्यासारखा आवाज आला. बाई खालून ओरडल्या, "आलं!" त्या बाहेर निघेपर्यंत जुन्या सांध्यातून कारंजं उडालं आणि दोघांनाही डोक्यापासून पायापर्यंत गढूळ आंघोळ घडली. वर वस्तीत भांड्यांचा खणखणाट सुरू झाला. मुलं नळाखाली कपड्यांसकट बसली. बाई पोट धरून हसत होत्या. गव्हर्नरही हसत होते, आणि त्यांचा तो भारदस्त आवाज हसताना चिरका होतो हे कार्यालयातल्या कुणालाही आजवर माहीत नव्हतं.

पाणी नितळ झाल्यावर कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी भरलेली बादली आणि तांब्या घेऊन आली. समोर चिखलाचे दोन पुतळे, एक उंच, एक बुटका. तिने विचारलं, तुमच्यातलं साहेब कोण? दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं. म्हातारी म्हणाली की थट्टा पुरे, हात पुढे करा. तिने आधी बाईंच्या हातांवर पाणी घातलं, मग गव्हर्नरांच्या. त्यांनी तोंड धुतलं, ओले केस मागे सारले. म्हातारी एकदम सावरून उभी राहिली आणि पदरी पाप पडल्यासारखी म्हणाली, "माफ करा हं साहेब, मी ओळखलं नाही तुम्हाला."

"मी शिपाई आहे, आजी. साहेब ह्या."

म्हातारीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. आता हिचाही आवाज बदलणार, हे गव्हर्नरांना ठाऊक होतं. तो बदललाच.

"असू दे रे," ती म्हणाली. "कानामागे चिखल राहिलाय तुझ्या. वाक जरा."

सहा फुटांचे गव्हर्नर भर रस्त्यात गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, आणि म्हातारी त्यांच्या मानेवर तांब्या-तांब्याने पाणी घालत राहिली.