भिंतीवरची काळी शिवण

“ताई, केबल आहे ती, दोरा नाही,” दुकानदार म्हणाला. तिने परत आणलेलं भेंडोळं त्याने काउंटरवर उलगडलं. जागोजागी काटकोनात मोडलेली ती बारीक केबल बघून त्याला हसू आवरेना.

हसू तिलाही येत होतं, पण रडूही. सगळी गल्ली तिला ‘बारीकटाका’ म्हणायची, ते काही उगाच नाही. तिने शिवलेला झगा उलटा घातला तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. शिवण दिसली की शिंपीण हरली, हा तिचा जन्माचा हेका. गच्चीवरच्या इंटरनेटच्या अँटेनाची केबल घरात घेतानाही तिने तोच चालवला. दुकानातली सगळ्यात बारीक केबल आणली, तीही ऐसपैस लांब, मग कपाटामागून, दाराच्या कडेकडेने, प्रत्येक कोपऱ्यात घडी घालून ती अशी लपवली की शेजारीण म्हणाली, “अगं, पण केबल आहे कुठे?” केबल सापडत नव्हती आणि इंटरनेटही. लेकीचा चेहरा पडद्यावर यायचा, त्याचे चौकोन व्हायचे आणि तो तसाच गोठायचा.

लेक जहाजावर नर्स होती. बंदर लागलं की फोन करायची. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून तिच्या बाबांची वाचा गेली होती. त्यांचं सगळं बोलणं आता डोळ्यांत आणि डाव्या हातात. नुसत्या आवाजाच्या फोनवर त्या माणसाने बोलायचं तरी कसं? तिकडून लेक ‘बाबा, बाबा’ करायची आणि इकडून फक्त श्वास. उद्या जहाज बंदराला लागणार होतं. त्यानंतर कित्येक आठवडे नुसतं पाणी.

दुकानदाराने नीट समजावलं. सिग्नल केबलमधून येता येता दमतो. केबल जितकी लांब नि बारीक तितका तो वाटेत गळतो, आणि कोपऱ्यात मुडपली तर विचारायलाच नको. जाड घ्या, आखूड घ्या, सरळ आणा.

“म्हणजे दिसणार,” ती म्हणाली.

“दिसणार की. भिंतीच्या मधोमध दिसणार.”

कापडाचा पोत बघावा तशी तिने ती जाड केबल चिमटीत धरली. बराच वेळ धरली.

“द्या, दादा. मधोमध तर मधोमध.”

घरी येऊन ती स्टुलावर चढली. कापड बेतायच्या खडूने तिने पांढऱ्याशुभ्र भिंतीवर झरोक्यापासून पलंगाच्या उशापर्यंत सरळ रेघ मारली आणि रेघेवरून केबल खाली आणली. नवरा पलंगावरून बघत होता. त्याची एक भुवई वर गेली. “हसा, हसा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक पडद्यावर आली, लख्ख, कपाळावरच्या घामासकट. नवऱ्याने डावा हात उचलला. बोटं जुळवून सावकाश तोंडापाशी नेली.

“जेवले, बाबा,” लेक म्हणाली. डोळे पुसून तिने विचारलं, “आई, तुझ्या भिंतीवर मागे ते काळं काय गं?”

“शिवण आहे. दिसू दे.”

फोन संपल्यावर तिचं लक्ष केबलच्या बाजूला उरलेल्या खडूच्या रेघेकडे गेलं. पुसायला तिने फडकं उचललं. नवऱ्याची बोटं अजून जुळलेलीच होती. फडकं तसंच मांडीवर टाकून ती त्याच्याजवळ बसली.