खुर्शीदबींचा चढ आणि माझी मोटार

मी बॅटरीवर चालणारी डोंगरी सायकल बोलतेय. डोंगरकडा गावात मला सायकलवाले गाडी म्हणतात आणि गाडीवाले सायकल. दोघांच्याही मते मी खोटी.

माझी जाड चाकं आणि पुढचे स्प्रिंग हौसेने डोंगर चढणाऱ्यांसाठी केलेले. पुण्याच्या पहिल्या मालकाने मला एकदाच डोंगर दाखवला. पुढे गॅलरीत माझ्यावर कपडे वाळायचे. तिथल्या सायकलच्या दुकानात रिझवान कामाला होता. त्याने मला मालकाकडून मागून घेतलं आणि आईकडे पाठवलं.

त्याची आई खुर्शीदबी तांड्यांवर फिरून बायकांना बांगड्या भरतात. गुडघे सुजू लागले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की जोर लावला तर फेऱ्या कायमच्या बंद. फेऱ्यांशिवाय दिवस कसा काढायचा, हे खुर्शीदबींना माहीत नव्हतं. मी आले आणि फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. माझ्या स्प्रिंगांमुळे खडकाळ वाटेवरही काचेला तडा जात नसे.

तांड्याच्या चढाखाली संतरामचं चहाचं हॉटेल आहे. तिथली माणसं मला बघून बोलत. या वयात बाईमाणसाला हे शोभतं का, असं एक म्हणे. दुसरा म्हणे, पाय नुसते दाखवायला हलतात, मोटारीवर कुणीही चढेल. संतराम तर सगळ्यांसमोर विचारी, "चाची, सायकल तुमी चालवता का ती तुमाला?"

खुर्शीदबी हसून पुढे जात. पण मग त्यांनी एक पद्धत पाडली. हॉटेल दिसलं की माझी मोटार बंद करायची, सर्वांदेखत घाम गाळत चढायचं आणि वळणाआड गेल्यावर बटण दाबायचं. मोटार बंद असली की मी म्हशीसारखी जड. माणसांना दुसऱ्याचा घाम दिसला की समाधान होतं, हे मी तिथे शिकले.

तांड्यावरच्या मिराबाईच्या मुलीची, शिलाची हळद होती त्या दिवशी दोन पेट्या बांगड्या लादल्या होत्या. हॉटेलसमोर मोटार बंद झाली, अर्ध्या चढावर गुडघा लचकला आणि आम्ही दोघी आडव्या झालो. एक पेटी फुटली. संतराम धावत आला. त्याने आधी त्यांना उठवलं, मग मला.

"मोटार काहून बंद केली, चाची?"

"तुमीच म्हनता ना, मोटारीवर कुनीबी चढल."

संतराम गोंधळला. "आमी तर उगं बोलून राहिलो होतो. तुमी ऐकून राहिल्या व्हय?"

खुर्शीदबींनी उरलेली पेटी पुन्हा घट्ट बांधली. मग माझ्यावर बसल्या, सगळ्यांदेखत बटण दाबलं आणि दुखरा पाय पॅडलवर नुसता ठेवून वर गेल्या.

तांड्यावर मिराबाईने त्या कशावर आल्या ते विचारलंच नाही. बांगड्या कमी का, एवढंच विचारलं. हळदीच्या घरी बांगड्या फुटल्या असं म्हणत नाहीत. "खाली वाढल्या," असं म्हणून खुर्शीदबींनी शिलाचा हात हातात घेतला.

आता मोटार घरापासूनच चालू असते. हॉटेलातले अजून बोलतात. खुर्शीदबी तिथेच बसून चहा पितात आणि तोवर मी संतरामच्या विजेच्या बोर्डावर चार्ज होते. आता लोक संतरामला हसतात की हा सायकलीला वीज पाजतो. गिऱ्हाईक आलं की तो चार्जरवर टॉवेल टाकतो.

त्याला कुणीतरी समजावून सांगा. टॉवेलखाली चार्जर फार तापतो.