आढ्यावरची जागा

छपराच्या माथ्यावर, आढ्यावर बसलेल्या माणसाने हात वर करून थांबण्याची खूण केली, म्हणून दिघे वकील अंगणाच्या तोंडाशीच थांबले. लगेच एक कौल छपराच्या उतरत्या पाख्यावरून घरंगळत आलं आणि त्यांच्यापासून दोन हातांवर पडून फुटलं. वकिलांनी टोपी सारखी केली आणि आभार मानायला वर पाहिलं. ऊन थेट डोळ्यांत येत होतं. तो माणूस पाठमोरा होऊन पुन्हा कामाला लागला होता, एवढंच त्यांना दिसलं.

राहीच्या घराची शाकारणी चालली होती. मृग आठ-दहा दिवसांवर आला की मांडव्याकडच्या त्या गावात सगळ्याच घरांची कौलं उतरवून, झाडून पुन्हा लावली जात. आळीतली माणसं एकमेकांच्या घरावर जात आणि घरवाल्याकडे जेवून परतत. राही पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आली. तिशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली बाई. कपाळावर कुंकू होतं, आणि त्या कुंकवाचंच काम घेऊन वकील अलिबागेहून आले होते.

दहा वर्षांपूर्वी, सत्तेचाळीसच्या आषाढात, मुंबईहून रेवसला येणारी बोट बुडाली, तिच्यात राहीचा नवरा नामा होता. बरीच माणसं किनाऱ्याला लागली, थोडी जिवंत, बाकीची मेलेली. नामा दोन्हींत नव्हता. मूलबाळ नाही, सासू-सासरे आधीच गेलेले. आता राहीला घर विकून उरणला बहिणीजवळ जायचं होतं. गिऱ्हाईक मिळालं होतं, पण पावसाआधी कागद झाले नाहीत तर ते थांबणार नव्हतं. आणि घर नामाच्या नावावर. नामा कागदावर मेल्याशिवाय राहीला ते विकता येत नव्हतं.

कायद्याचं म्हणणं असं की, ज्यांना सहज बातमी लागायला हवी त्यांनाच सात वर्षं ज्याची खबर नाही, तो माणूस मेला असं धरून चालावं. त्यासाठी आळीतल्या चार घरांचे जबाब हवे होते. चौघांपैकी एकानेही ‘नामाची खबर आहे’ म्हटलं असतं, तर सगळ्यावर बोळा फिरला असता.

दिघे वकील अशा कामात पक्के होते. देवावर त्यांचा विश्वास होता, पण देव समोर आला असता तर त्यालाही त्यांनी ओळख पटवणारे दोन साक्षीदार आणायला सांगितले असते. जबाब घ्यायचा तो एकेकाला आत बोलावून, एकाचं दुसऱ्याच्या कानावर पडू न देता, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. शिवाय घराचा हाताने काढलेला नकाशा ते प्रत्येक कामाला जोडत. पक्षकार हसत, पण दिघ्यांची कामं कोर्टातून परत येत नसत.

दुपारपर्यंत काम उरकलं. माणसं हातपाय धुऊन अंगणातल्या आंब्याखाली बसली. रघू शिडी काढायला गेला, तेव्हा राही म्हणाली, “ऱ्हाऊ दे तिथंच.” रघूने काही विचारलं नाही.

वकिलांनी माजघरात सतरंजी टाकून घेतली आणि पहिल्यांदा रघूलाच बोलावलं. तिशीतला, धिप्पाड, शेजारच्या घरचा.

“नामाची गेल्या दहा वर्षांत काही खबर? पत्र, निरोप, कुणी पाहिल्याचं कानावर आलं?”

“न्हाय सायेब.”

“या घराची डागडुजी कोण करतं?”

“आमीच. आळीतली चार घरं.”

हा प्रश्न गिऱ्हाइकासाठी होता. घराला हात लावणारे उद्या हक्क सांगायला उभे राहतात, म्हणून कोण काय करतं ते आधीच लिहून घेतलेलं बरं. वकिलांनी नकाशा पुढे ओढला.

“आज तुम्ही कुठं होतात?”

“या पाख्यावर. अंगनाकडच्या.”

वकिलांनी तिथे ‘रघू’ लिहिलं. “आणि आढ्यावर?”

रघूने दाराकडे पाहिलं. “भागोजी आसंल.”

भागोजी आत आला. वयाने रघूच्या पुढचा, बोलायला कमी. खबर नाही, पत्र नाही, निरोप नाही. तो मागच्या पाख्यावर होता, खाडीकडच्या.

“म्हणजे आढ्यावर तुम्ही नव्हतात?”

“न्हाय. मी खालून कवलं वर देत हुतो.”

“कुणाच्या हातात?”

भागोजीने आपले तळहात उलटे करून पाहिले. त्यांना लाल माती लागलेली होती.

“कामात मानूस हात बगतो सायेब. तोंड न्हाय बगत.”

तिसरा हिरामण. तो शिडीवर होता, बाबाजी खालून देईल ते कौल वर पोचवायला. रघू एका अंगाला, भागोजी दुसऱ्या अंगाला, हे त्याने न विचारता सांगितलं. आढ्याचं विचारल्यावर मात्र तो उठूनच उभा राहिला.

“ते बाबाजीला ईचारा. त्यो मोठा हाय.”

वकिलांनी त्याचा अंगठा घेतला आणि तो बाहेर गेल्यावर नकाशाकडे पाहत बसले. खाली बाबाजी, शिडीवर हिरामण, दोन पाख्यांवर दोघे. आळीची चार घरं, चार माणसं. आढ्याची रेघ तेवढी कोरी होती, आणि सकाळी तिथूनच त्यांना हात दिसला होता. उन्हात चुकून दिसला म्हणावं, तर त्या हातामुळेच कौल डोक्यात पडायचं चुकलं होतं. वकील घाबरले. ते घाबरले हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं, कारण पुढे त्यांनी जे केलं ते शहाणपणाने केलं असा कुणाचा समज व्हायला नको.

बाबाजी साठीच्या पुढचा, आळीतला सगळ्यांत जाणता माणूस. तो आला आणि भिंतीला टेकून बसला. खबरीच्या प्रश्नांना त्याने नीट उत्तरं दिली. मग वकिलांनी दौतीचं झाकण लावलं आणि विचारलं,

“बाबाजी, आढ्यावर कोण होतं?”

“आमच्यात रीत हाय सायेब. घराच्या आढ्यावर घरधन्यानंच बसायचं. बाकी सगली कामं दुसऱ्यानं करावी, पन आढ्याला दुसऱ्याचा पाय लागू नये. घरधनी मेला तर त्याचा पोरगा बसतो. पोरगा नसला तर, जो घर घेल तो.”

“मग नामामागं इथं कोण बसतं?”

“कोन बसनार? नामा मेला असं आजवर कोनी म्हनलंय कुटं? आमी न्हाय म्हनलं. राही बी न्हाय म्हनली. त्याची जागा घ्यायची म्हंजे त्याला मारायचाच की.”

“मग आढ्यावरची कौलं लावतं कोण?”

“लागतात,” बाबाजी म्हणाला.

स्वयंपाकघरात राही ताटं मांडत होती, तेवढाच आवाज.

“पयल्या वर्सी आमी आढं तसंच सोडून उतरलो,” बाबाजी पुढे म्हणाला. “म्हनलं, पानी आलं तर येऊं दे, पन त्याच्या जागेला हात न्हाय लावायचा. जेवून उठलो तर लागलेली. सरल लायनीत. नामाचा हात तसाच हुता. दुसऱ्या वर्सापासून आमी वर बगायचं सोडलं.” त्याने झाकण लावलेल्या दौतीकडे पाहिलं. “ह्यो सवाल कोर्टाचा हाय का?”

“नाही.”

“मंग आमी दहा वर्सं ईचारला न्हाय, तुमी कशाला ईचारता?”

त्याने अंगठा उठवला, धोतराला पुसला आणि गेला.

शेवटी राही आली. पदराने हात कोरडे करत दाराच्या चौकटीशीच बसली. वकिलांनी ठरल्याप्रमाणे विचारलं. कागद न्हाय, निरोप न्हाय, कोन कुटं दिसल्याचं सांगत आलं न्हाय. तिने प्रत्येक उत्तर सावकाश दिलं. तिने हे सगळं मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलं असावं.

“राहीबाई, हे लिहायचं नाही,” वकील म्हणाले. “घर का विकताय?”

“तुमाला बाबाजीनं सांगितलं ना?”

“सांगितलं.”

“मंग आनि काय सांगू?” तिने अंगणाकडे पाहिलं. “दर वर्साला येतो. कामाला येतो, काम करतो. मी ताट वाढते, शिडी काडू देत न्हाय. पन खाली उतरत न्हाय. एकदा मी शिडीवर चार पावलं चडले. हाक मारली. वर कवलं वाजायची थांबली, पन उत्तर न्हाय आलं. सायेब, त्याला घराची काळजी हाय. घर त्याचं हाय तवर त्याला यावंच लागनार. पावसाच्या आदी घरधन्याला सुट्टी नसते.”

तिचा आवाज इथे पहिल्यांदा फुटला, आणि तो फुटू दिल्याचा तिलाच राग आला.

“दुसऱ्याचं झालं म्हंजे दुसरा बसंल वर. मंग ह्याला कशाला यायला लागंल? दमला आसंल तो. मला घराची हाव न्हाय, आनि मी टाकून बी न्हाय चालले त्याला. सोडवते हाय.”

तीस वर्षांत वकिलांनी स्वतःला खोटं ठाऊक असलेला एकही जबाब लिहिला नव्हता. इथे चौघांचे जबाब शब्दन् शब्द खरे होते. पत्र नव्हतं, निरोप नव्हता. पण चौघांनी जे पाहायचं सोडलं होतं ते वकिलांनी आज सकाळी पाहिलं होतं, आणि ते बोलले असते तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्यांनाच उभं राहावं लागलं असतं. मग न्यायाधीशांनी काय विचारलं असतं आणि आपण काय सांगितलं असतं, हे त्यांनी मनात करून पाहिलं. त्या सगळ्याच्या शेवटी राही याच घरात राहणार होती, पुढच्या वैशाखात, त्याच्या पुढच्याही, शिडीखाली ताट वाढून.

त्यांनी दौतीचं झाकण उघडलं. नकाशावरच्या आढ्याच्या रेघेपुढे काहीच न लिहिता तो कागद बाजूला ठेवला आणि राहीचं प्रतिज्ञापत्र लिहायला घेतलं. चांगलं अर्धं पान झालं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही, पण वाचता येत होतं.

लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, हाही शिरस्ताच. सगळे ओटीवर आले. ओटी अरुंद होती. बाबाजी, हिरामण, रघू आणि भागोजी भिंतीला पाठ लावून ओळीने बसले, पाय पसरून, दिवसभर उन्हात राबलेली माणसं बसतात तसे. वकील पायरीजवळ पाटावर बसले आणि वाचू लागले. गाव, तालुका, चतुःसीमा, पूर्वेस वाट, पश्चिमेस खाडीचा बांध. राही दारात उभी राहून ऐकत होती. शेवटचं वाक्य आलं.

“सबब माझे पती नामा हे मयत झाले असून सदर घराची मालकी माझी आहे व ती मी राजीखुशीने दुसऱ्यास देत आहे.”

‘मयत’ हा शब्द त्या घरात दहा वर्षांत पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

“ते परत वाचा,” राही म्हणाली. “मोट्यानं. वर आयकू जाईल असं.”

वकिलांनी घसा साफ केला. कोर्टात ते कधी आवाज चढवत नसत. आता त्यांनी चढवला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. राहीचं नाव, नामाचं नाव, मयत, मालकी, राजीखुशी.

वाचून संपल्यावर बराच वेळ काही झालं नाही. वारा पडलेला होता. मग अंगणाच्या बाजूने शिडीचा बांबू करकरला. एकदा, आणि थोड्या वेळाने एकदा, मग आणखी खाली. राहीने पदर डोक्यावर घेतला आणि चौकट सोडून ती एका अंगाला झाली. ओटीवर बाबाजीने पसरलेले पाय जवळ ओढले. मग हिरामणने, मग रघूने, मग भागोजीने. वाटेत पाय आडवे असताना कुणी वडीलधारं माणूस आलं की ओढावेत तसे. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

दिघे वकिलांनी कागदावरून नजर उचलली नाही. पण अंगठा कुठे उठवायचा ती जागा दाखवायला ते पुढे वाकले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पायरीवर सोडलेले आपले पायही आपण पोटाशी घेऊन बसलो आहोत.