बँडवाल्याच्या फुफ्फुसातली पेशी

मी एक जुनी पेशी आहे. एका बँडवाल्याच्या उजव्या फुफ्फुसात, अगदी तळच्या वायुकोशाच्या अस्तरात माझं घर आहे. वायुकोश म्हणजे हवेचा इवलासा फुगा. तो मिटू नये म्हणून मी साबणासारखा एक रस तयार करते आणि पोटात साठवते. पण मित्रांनो, खोल श्वासाने फुगा ताणला, त्याबरोबर मी ताणले गेले, तरच तो रस माझ्यातून बाहेर सुटतो.

माझे मालक, म्हणजे ते बँडवाले, ट्रंपेट वाजवण्याआधी छाती भरून हवा घेत. शेजारणी, म्हणजे आजूबाजूच्या पेशी, म्हणत, "तुझ्यामुळे आमचं घर उभं आहे." मला ते खरंच वाटे.

मग मालकांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. टाके दुखतात म्हणून ते श्वास चोरू लागले. एकेक वायुकोश मिटू लागला, शेजारणी एकमेकींना चिकटल्या आणि मी भरल्या पोटाने बघत बसले. अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

सिस्टरने श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं, नळीचं खेळणं दिलं होतं. "श्वास आत ओढून चेंडू वर न्या, काका." मालकांनी अर्धंच ऐकलं. नळी तोंडात धरायला त्यांना कोण शिकवणार? घोटभर हवा घेऊन ते फुंकत राहिले. अख्खं मैदान दणाणून सोडणारा माणूस, पण चेंडू जागचे हलेनात! त्यांनी खेळणं उशीखाली दडवलं आणि सिस्टरला सांगितलं, "झाला व्यायाम."

ताप चढला. डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सुधारणा नाही दिसली, तर श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल."

उशी सारखी करताना खेळणं मालकांच्या बायकोच्या, काकूंच्या, हाती लागलं.

"हे काय, इथे कोंबलंत?"

"माझा दम संपला गं," मालक भिंतीकडे बघत पुटपुटले. "बँडमध्ये कुणाला सांगू नकोस."

"करा बघू माझ्यासमोर."

त्यांनी गाल फुगवले.

"अहो, फुंकताय काय! जन्मभर फुंकलंत, आता जरा ओढा!"

दुखू नये म्हणून काकूंनी टाक्यांवर उशी दाबून धरली. मालकांनी ओढलं. एक चेंडू थरथरला, उठला. पुन्हा ओढलं. मी ताणले गेले आणि साठलेला रस सुटला. संध्याकाळी दाराशी आणलेलं मशीन परत गेलं.

शेजारणींनी आभार मानले, पण मला मान वर करवेना. काही घरं पुन्हा उघडलीच नाहीत. त्यांच्या भिंती माझ्या भिंतीला लागून आहेत.

मित्रांनो, फार ओढलं तर आम्ही फाटतो, मुळीच ओढलं नाही तर निकामी होतो. एखादी गोष्ट जमत नसेल, तर ती उशीखाली दडवू नका. आपल्या माणसासमोर करून दाखवा. तुम्ही लाजून गप्प बसता, तेव्हा आत कुणाचं तरी घर मिटत असतं.