घारीचा सुटलेला झेल

मी बोलतोय तो शू-रॅकवरून. दार उघडलंत की उजव्या हाताला, किल्ल्यांच्या वाटीशेजारी. घरात येणारा प्रत्येक जण मला बघून विचारतो, "रग्बी खेळता वाटतं?" तर आधी तेवढं मिटवून टाकतो. मी रग्बीचा नाही. मी अमेरिकन फुटबॉल आहे. दोन्ही टोकांना निमुळता, अंगावर तपकिरी कातडं, पोटावर पांढऱ्या नाडीचे टाके. पायाशी माझा संबंध क्वचितच येतो, सगळा खेळ हाताचा, तरी मला फुटबॉल म्हणतात. नाव काही मी ठेवलेलं नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. कातड्याचे चार तुकडे उलट्या बाजूनं शिवतात, वाफेवर मऊ करतात आणि मग आतली बाजू बाहेर काढतात. ते फारसं सुखाचं नसतं. तिथून मी एका लहानशा कॉलेजगावातल्या दुकानात आलो आणि तिथे मला रत्नदीपनं उचललं. तो पुण्याहून इंजिनिअर होऊन तिथे एम.एस. करायला आला होता. पहिल्याच शनिवारी कॉलेजची मॅच बघायला गेला, नियम काडीचा कळला नाही, आणि परत येताना मला घेऊन आला. माणसं प्रेमात पडतात ती अशीच, आधी पडतात आणि नियम मागाहून शिकतात.

पुढे त्याला सिंगापूरला नोकरी लागली. माझी हवा काढून, मला मोज्यांच्या गठ्ठ्यात कोंबून त्यानं इथे आणलं. आता तो जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये आहे. सकाळी कंपनीच्या बसनं जातो, संध्याकाळी दमून येतो. राहतो ईस्ट कोस्टच्या एका काँडो सोसायटीत, बायको मीनल आणि बारा वर्षांची मुलगी दीक्षा यांच्यासोबत.

माझं खरं काम रविवारी सकाळी. तिकडे अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ असते, इकडे साडेसातला टीव्ही लागतो. चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत काम करणारा शैलेंद्र येतो. तो रत्नदीपच्याच अमेरिकेतल्या कॉलेजचा. दुसरा पद्माकर, रत्नदीपचा कंपनीच्या बसमधला शेजारी. हा पद्माकर जन्मात अमेरिकेला गेलेला नाही, पण आरडाओरडा सगळ्यात मोठा त्याचा. येताना हॉकर सेंटरच्या खाऊच्या टपऱ्यांवरून गरम प्राटे, म्हणजे इथले पराठे, आणतो, म्हणून त्याला सगळं माफ.

गेली दोन वर्षं या तिघांच्या तोंडी एकच विषय आहे, कॉलेजच्या टीमचा अठरा नंबर. वाइड रिसीव्हर. म्हणजे कडेनं सुसाट पळत जायचं आणि लांबून फेकलेला चेंडू हवेत झेलायचा. वय एकोणीस. एकदा त्यानं दोघांच्या डोक्यांवरून उडी मारून चेंडू असा काही उचलला की शैलेंद्र ओरडला, "अरे ही तर घार आहे घार!" तेव्हापासून तो घार.

"दोन वर्षांत प्रोमध्ये जाणार, लिहून देतो," पद्माकर म्हणायचा.

"वेग आहे रे, पण आत वळताना पाय अडखळतात त्याचे," शैलेंद्र म्हणायचा. त्यानं घारीच्या प्रत्येक झेलाची एक्सेल शीट ठेवली होती.

"पाय सुधारतात. हात उपजत लागतात," रत्नदीप मला कुरवाळत म्हणायचा. मॅच अटीतटीची झाली की मला त्याच्याच मांडीवर ठेवायचं, असा नियम होता. एरवी हा माणूस शकुन-अपशकुन मानणाऱ्यांना तासभर सुनावेल. पण चौथ्या क्वार्टरमध्ये मला कुणी जागचं हलवलं तर खवळायचा. मीनल म्हणायची, "तुझा विज्ञानवाद जाहिरातींच्या ब्रेकवर गेलाय वाटतं." तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

घारीची खरी भक्त मात्र दीक्षा. ती शाळेत फ्लॅग फुटबॉल खेळायला लागली होती. त्यात अंगावर धावून जात नाहीत, कमरेची पट्टी ओढली की खेळी तिथेच थांबते. शनिवारी बापलेक मला घेऊन समुद्राकाठच्या पार्कात जायचे. रत्नदीप शिकवायचा चांगला. "छातीवर घेऊ नको, हातात घे. शेवटपर्यंत बॉलकडे बघ." ती झेलायची आणि घारीसारखी एक गिरकी मारायची. शाळेच्या टीमच्या ट्रायल्स महिन्यावर आल्या होत्या आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग तो रविवार आला.

प्रतिस्पर्धी कॉलेजशी मॅच होती. शेवटचे सहा सेकंद, चार गुणांनी मागे. चेंडू उंच गेला. घार एकटी, आसपास चिटपाखरू नाही. चेंडू बरोबर दोन्ही तळव्यांत आला आणि सुटला.

मी रत्नदीपच्या मांडीवर होतो. त्याची बोटं माझ्यात रुतली. पद्माकरच्या हातातला प्राटा तसाच राहिला. "घार कसली, कोंबडी!" शैलेंद्र म्हणाला.

रत्नदीपनं मला सोफ्यावर फेकलं, फोन घेतला आणि कॉलेजच्या चाहत्यांच्या पानावर मराठीत लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलंही: "फुकटच्या स्कॉलरशिपवर आलेलं ध्यान! हात आहेत की शोभेच्या वस्तू? घरी पाठवा याला."

पद्माकर खो खो हसला. शैलेंद्र जरा चाचरला. "अरे, सगळ्यांना दिसतं ते."

"तिथे कुणाला मराठी कळतंय?" रत्नदीप म्हणाला.

ही चूक मी इथल्या पुष्कळ मराठी माणसांना करताना पाहिली आहे. लिफ्टमध्ये, एमआरटी मेट्रोत, शेजाऱ्यासमोर. आपली भाषा म्हणजे बंद दार, आत काहीही बोला. पण फोनवर प्रत्येक वाक्याखाली भाषांतराचं बटण असतं, ते त्याच्या लक्षातच आलं नाही.

दुपारी दीक्षा मला मांडीवर घेऊन आयपॅड बघत बसली होती. घारीला लोक काय म्हणतायत ते तिला बघायचं होतं. सरकवता सरकवता बापाचा फोटो दिसला. मराठी ती बोलते, वाक्याला इथल्या मुलांचं 'लाह' जोडून, पण वाचायला कंटाळते. तिनं बटण दाबलं.

"पप्पा, हे तू लिहिलंस?"

रत्नदीप पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली आणि त्याला कळलं.

"अगं, रागात लिहितो माणूस. मॅच होती."

"खाली कुणीतरी रिप्लाय केलाय." तिनं वाचून दाखवलं. इंग्रजीत एकच ओळ होती. साहेब, हे आम्हाला वाचता येतं. लिहिणारीचं नाव बाईचं, आडनाव घारीचं. त्याची आईच असणार.

आयपॅड पालथा ठेवून दीक्षानं विचारलं, "ट्रायल्सला माझ्याकडून ड्रॉप झाला, तर माझ्याबद्दल पण असं लिहिशील?"

"वेडी आहेस का? तू माझी मुलगी आहेस."

"तो पण कुणाचा तरी आहे ना, लाह."

मीनल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "रत्नदीप, ते 'फुकटचं' कुठून आणलंस? तुला कोण म्हणालं होतं तसं?"

ही गोष्ट मला ठाऊक होती. त्यानं एकदा मीनलला सांगितली तेव्हा मी त्याच्या हातात होतो. पुण्याच्या कॉलेजात प्रवेशाची यादी लागली होती. तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा होता, आणि मागून एक मुलगा म्हणाला, "यांना काय, फुकटची सीट." त्याचे मार्क त्या मुलापेक्षा जास्त होते. पण तो गप्प राहिला. इतक्या वर्षांत ती पायरी विसरला नाही. आणि आता त्यानं तोच शब्द एका एकोणीस वर्षांच्या पोराला ऐकवला होता.

त्याचा चेहरा पडला. दीक्षा उठली, मला काखेत मारलं आणि बॉम्ब शेल्टरमध्ये नेऊन ठेवलं. इथल्या घरांत अशी जाड लोखंडी दाराची खोली असते. बॉम्ब काही पडत नाहीत, लोक तिथे बॅगा ठेवतात.

"मी ट्रायल्सना नाही जाणार," ती म्हणाली, आणि दार लागलं.

आत काळोख. एका बाजूला सुटकेस, दुसऱ्या बाजूला जयंतीच्या कार्यक्रमाचे निळे झेंडे. लोखंडी दारातून काही ऐकू येत नाही. किती रविवार गेले, मला सांगता येणार नाही. माझी हवा कमी होत गेली. मला राग आला नव्हता. वाईट मात्र वाटलं, आणि ते माझ्यासाठी नाही, त्या पोरीसाठी. गिरकी छान मारायची.

एका सकाळी दार उघडलं. रत्नदीप पंप घेऊन आला होता. हवा भरताना माझ्याकडेच बघत पुटपुटला, "आज तीन वाजता ट्रायल्स आहेत." मग मला घेऊन दीक्षाच्या खोलीपाशी गेला. "नुसतं फिरून येऊ. खेळायचं नाही."

पार्कात ती त्याच्यापासून चार पावलं लांब चालत होती. तो गवतावर बसला आणि फोन काढला. "ते मी काढून टाकलं. आणि त्या बाईंना लिहिलंय. ऐकतेस?" त्यानं वाचलं. मी चुकलो. मीही स्कॉलरशिपवर शिकलो. मलाही कुणीतरी हेच म्हणालं होतं, आणि ते किती लागतं ते मला माहीत होतं. तरी मी लिहिलं. तुमच्या मुलाची माफी मागतो.

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही."

"रिप्लाय नाही?"

"नाही आला. येईलच असं नाही."

दीक्षानं मला उचललं. "उठ. तू पळ. मी टाकते."

"मी? सगळ्यांसमोर?"

"पळ ना, पप्पा."

तो पळाला. पोट सुटलेला, चष्म्याचा, ऑफिसच्या मोज्यांतला माणूस. मी गेलो ते थेट त्याच्या तळव्यांत, आणि सुटलो. बाकावरचे दोन आजोबा वळून बघायला लागले. रत्नदीप तसाच उभा राहिला. ती आता काय म्हणते याची वाट बघत होता.

"अगेन," दीक्षा म्हणाली.

सात वेळा सुटलो. सातही वेळा ती तेवढंच म्हणाली. आठव्या वेळी मी त्याच्या छातीवर आदळून कसाबसा कोपरात अडकलो. त्यानं चक्क गिरकी मारायचा प्रयत्न केला आणि पडला. ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी ऐकलं मी ते हसणं. उठताना त्याचे डोळे ओले होते, पण तो म्हणाला घाम गेला डोळ्यात. मग तिनं विचारलं, "किती वाजले?"

तीन वाजता आम्ही शाळेच्या मैदानावर होतो. त्यांचे चेंडू त्यांचे, मी रत्नदीपच्या हातात, कुंपणाबाहेर. दीक्षाचा नंबर आला. पहिलाच चेंडू तिच्या दोन्ही तळव्यांत आला आणि सुटला.

तिनं चेंडूकडे पाहिलं नाही, कोचकडेही नाही. कुंपणाकडे पाहिलं. रत्नदीपची बोटं माझ्यात रुतली, अगदी त्या रविवारसारखी. त्यानं तोंड उघडलं.

"अगेन!" तो ओरडला.

ती परत रांगेत जाऊन उभी राहिली.

निवड झाली की नाही ते मंगळवारी कळणार आहे. त्या बाईंचं उत्तर अजून आलेलं नाही. मी पुन्हा शू-रॅकवर आलोय. उद्या रविवार. पद्माकर प्राटे आणेल, शैलेंद्र एक्सेल उघडेल, घार धावेल. कदाचित पुन्हा सुटेल तिच्या हातून.

सुटू द्या. मी निमुळता आहे, कुठेही उसळतो, नीट हातात येणं माझ्या अंगातच नाही. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे की सोफ्यावरून ओरडायच्या आधी एकदा तरी स्वतः पळून बघा.