खालच्या मजल्याची ऊब

एकेहार्ड युंगनिकल यांनी सात हिवाळे घर तापवणाऱ्या एकाही रेडिएटरची चावी उघडली नव्हती. केम्निट्झमधल्या त्यांच्या इमारतीत हे ज्याला ठाऊक नाही असा भाडेकरू सापडणं अवघड होतं, कारण सांगायची संधी ते सहसा सोडत नसत.

जुन्या कम्युनिस्ट राजवटीत ऊब भाड्यातच धरलेली असे. घर फार तापलं की लोक खिडकी उघडत. आता प्रत्येक रेडिएटरवर मापक होतं, आणि इंधनाचे भाव भडकल्यापासून लोक त्या मापकाकडे पोलिसाकडे बघावं तसे बघत. अशा दिवसांत युंगनिकलसारख्या निवृत्त भूगोल शिक्षकाला भाडेकरूंच्या सभेत भाषणाला उभं केलं नसतं तरच नवल. खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नका; पाच मिनिटं सताड उघडा आणि लावून टाका. लोकरी बनियन घाला. "माझ्याकडे चाव्या बंद असूनही घर उबदार असतं," ते म्हणाले. "प्रश्न शिस्तीचा आहे." टाळ्या बऱ्याच पडल्या.

दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ पिओंटेक प्लमचा केक घेऊन वर आल्या. मोज्यांच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलेली ही एकटी म्हातारी थंडीला भारी भ्यायची. ऑक्टोबर लागला की तिच्या सगळ्या चाव्या पाचावर, म्हणजे पूर्ण उघड्या.

"हेर युंगनिकल, तुमच्याकडे खरंच गरम आहे हो!" पायातले जोडे काढून, मोजे घातलेल्या पायांनी जमीन चाचपत त्या म्हणाल्या. "आणि मी मेली सगळं पेन्शन त्या लोखंडाला चारते. मला शिकवाल?"

"शिकण्यासारखं काही नाही. मनाची तयारी हवी."

"ती माझी कधीच नव्हती. नवऱ्याशी लग्नसुद्धा मी दोन स्वेटर घालून केलं."

युंगनिकलनी खाली जाऊन स्वतःच्या हातांनी त्यांच्या चाव्या बंद केल्या. केक चांगला झाला होता.

आठवड्याभरात युंगनिकलना घरात कोट घालावासा वाटू लागला. आधी त्यांनी खिडक्यांच्या फटी तपासल्या, मग स्वतःच्या वयाला दोष दिला. एके सकाळी खाली पडलेला चमचा उचलताना त्यांचा तळहात जमिनीला लागला. जमीन गार होती. सात हिवाळ्यांत पहिल्यांदाच. शेजारचं घर रिकामं, वर छप्पर. युरोपाची ऊब दूरच्या समुद्रातून वाहत येते हे तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलेला माणूस चमचा हातात धरून बराच वेळ ओणवाच राहिला.

त्यांनी गुपचूप स्वतःची चावी उघडली. चावी फिरली, रेडिएटर थंडच. इतकी वर्षं न वापरल्यामुळे आतली कळ अडकून बसली होती. म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या रॉनीला बोलवायला हवं. आणि रॉनीला काही सांगणं म्हणजे सगळ्या जिन्याला सांगणं. 'शिस्तवाले मास्तर चावी उघडताहेत!' युंगनिकलनी फोन उचलला आणि ठेवला. त्यापेक्षा खाली जाऊन बाईंनाच समजवावं.

फ्राऊ पिओंटेकनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर ओव्हरकोट होता आणि नाक लाल झालं होतं.

"जरा उघडा की एखादी चावी," युंगनिकल म्हणाले. "या वयात इतकं ताणू नये."

बाईंनी डोळे बारीक केले. "परीक्षा घेताय होय माझी?"

"नाही हो. खरंच सांगतोय."

"मी नाही फसायची! नऊ वाजता खिडक्या उघडल्या, पाच मिनिटांत लावल्या. विचारा, आणखी काय विचारायचं ते."

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. युंगनिकल म्हणाले, "शाब्बास," आणि वर आले. बाईंचा खोकला त्यांना जमिनीतून ऐकू येई. रोज ते ठरवत, उद्या रॉनीला फोन करू.

मग एक दिवस खोकला थांबला, कारण रुग्णवाहिका येऊन गेली होती. न्यूमोनिया.

त्याच दुपारी त्यांनी रॉनीला बोलावलं. त्याने चावी काढली, आतल्या कळीवर हातोडीने हलकेच दोनदा ठोकलं, आणि पाणी सुरू झालं.

"एवढंच?" युंगनिकलनी विचारलं.

"एवढंच. आधी सांगायचंत ना, मास्तर."

तो कुणाला काही बोलला की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

फेब्रुवारीत ब्रेमेनहून बाईंची मुलगी आली. आई आता एकटी राहू शकणार नव्हती. सामान खाली गेलं तेव्हा युंगनिकल फुटपाथवर टोपी हातात घेऊन उभे होते. फ्राऊ पिओंटेक गाडीत पुढच्या सीटवर होत्या, बाहुलीएवढ्या झालेल्या.

"हिच्याकडे सगळ्या खोल्या तापवतात," त्या कुरकुरल्या. "मी शिकवणार आहे हिला."

"नका शिकवू." युंगनिकल खिडकीशी वाकले. "फ्राऊ पिओंटेक, माझ्या घरी ऊब यायची ती तुमच्या घरातून. मी काहीच करत नव्हतो. इतकी वर्षं तुमच्याच पैशांवर शेकत बसलो होतो."

फ्राऊ पिओंटेकनी अर्ध्या उतरवलेल्या काचेवरून हात बाहेर काढून त्यांच्या बाहीवर थोपटलं.

"बघ," त्या मुलीला म्हणाल्या, "मला वाईट वाटू नये म्हणून किती बोलतात. अशी माणसं राहिली नाहीत आता."

"खरं सांगतोय मी!"

"हो हो," मुलगी हसली आणि तिने गाडी सुरू केली. "आई, काच वर घे. गारठा येतोय."