खुर्च्या वाहणारा वादी

अध्यक्षसाहेब, उकंडाचा दावा तुम्ही बुडवलात. न्यायाधीशांनी नाही, कायद्यानं नाही, तुम्ही. आणि त्याच संध्याकाळी उकंडानं डोक्यावर वाहून आणलेल्या खुर्चीवर बसून तुम्ही पेढा खाल्लात. तुमचं नाव मी लिहीत नाही. तालुक्यात वकील संघाला अध्यक्ष एकच आहे.

मी गुलाम नबी, कोर्टाच्या आवारात चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझी बसायची जागा बाररूमच्या खिडकीला लागून आहे, हे तुमचं दुर्दैव.

भीमराज वकील १९५७ साली नागपूरहून शिकून आला. बौद्ध झालेल्या घरातला या कोर्टातला पहिला वकील. जब्बार टेलरनं एक जुना कोट उसवून, उलटवून त्याला शिवून दिला. तो कोट घालून तो तुम्हाला भेटायला आला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "कायदा येतो ना? छान. आता तो बाजूला ठेवा. वकिली ओळखीवर चालते, भीमराज. कार्यक्रमांना येत जा. चार मोठ्या माणसांत दिसत जा. कामं आपोआप येतील."

झालं. भीमराज दिसू लागला. जुन्या साहेबांचा निरोप, नव्या तहसीलदारांचं स्वागत, जिनिंगमधल्या नव्या यंत्राची पूजा. वकिलांच्या ग्रंथालयाचं उद्घाटन, जिथं आजवर पुस्तक एकही आलं नाही, चहा मात्र तीनदा आला. सगळीकडे भीमराज सगळ्यांच्या आधी हजर. पानाचं तबक त्याच्या हाती कोणी दिलं नाही. पान तोंडात जातं ना! त्याच्याकडे हारांचं काम. यवतमाळच्या मोटारीनं आलेली हारांची टोपली उतरवून घ्यायची, टेबलावर ठेवायची आणि मागं सरायचं. गळ्यात घालायला दुसरे. दीड वर्षात त्यानं एकोणीस कार्यक्रमांचे हार आणले. एवढ्या काळात एकाही वकिलानं त्याला साधं तारीख घ्यायचं काम दिलं नाही. ओळख मात्र वाढली. मोटारीचा कंडक्टर रूपसिंग त्याला नावानं हाक मारू लागला.

उकंडा काही त्याला कार्यक्रमात बघून आला नव्हता. उकंडाचं गाव घाटंजीकडचं. तिथल्या वस्तीनं दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, आणि सदाशिवराव पाटलांनी वस्तीची वाट बाभळीचे काटे लावून बंद केली. वाट त्यांच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून जाते. विहीर, चक्की, बाजार, सगळं वाटेच्या पलीकडे. नाल्यातून फिरून गेलं तर दीड मैल. उकंडाची बायको तुळसाबाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन त्या नाल्यातून चढू लागली. भीमराजनं दावा लावला आणि निकाल लागेपर्यंत वाट खुली ठेवायचा हुकूम मिळवला. काटे निघाले. पाटलांचे वकील कोण? तुम्ही.

मग कोर्टाचे जुने न्यायाधीश साहेब बदलून गेले. नवे साहेब ज्या दिवशी रुजू होणार, त्याच दिवशी उकंडाच्या दाव्याची तारीख. सकाळी दहाला बाररूममध्ये तुम्ही जे बोललात, ते शब्दन् शब्द लिहितो.

"आज काम चालणार नाही. नवे साहेब आले की पहिल्या दिवशी सगळ्यांना पुढची तारीख. आपला जुना रिवाज आहे."

तेरा वकील होते. तेराही माना हलल्या. रिवाज होताच, मी पंधरा वर्षं बघतो आहे. म्हणून तर भीमराज फसला.

तरी त्यानं विचारलं, "साहेब, माझं उकंडाचं काम लागलेलं आहे. तेही पुढं जाईल?"

"अहो, समोर मीच आहे ना! दोघांची तारीख मी घेतो. तुम्ही स्टँडवर जा, हार यायचे आहेत. आणि शाळेतून पन्नास खुर्च्या आणायच्या आहेत. आहे का कोणी माणूस?"

दारात उकंडा उभा होता. तुमची नजर तिकडं गेली.

"हा तुमचा अशील का? चांगला धट्टाकट्टा आहे की."

उकंडा पुढं आला. "खुर्च्या आनतो साहेब. पन नव्या साहेबाले माह्या वाटेचं सांगसान ना?"

"सांगतो, सांगतो," तुम्ही म्हणालात. हसलातही.

नव्या साहेबांना तुमचा रिवाज कोणी सांगितलाच नव्हता. ते अकराला खुर्चीवर बसले आणि त्यांनी पहिला दावा पुकारायला सांगितला. शिपाई गोविंदा बाहेर येऊन ओरडला, "उकंडा वादी हाजिर हो!"

मी लेखणी टाकून उठलो. "अरे गोविंदा, थांब! तो शाळेत गेलाय, तुमच्याच खुर्च्या आणायला."

"चाचा, मी काय करू? साहेब पेन उघडून बसून राह्यले."

मी या वयात धावलो. शाळेच्या फाटकात उकंडा डोक्यावर चार खुर्च्या घेऊन निघाला होता.

"टाक त्या! तुझा पुकारा झाला!"

"कायचा पुकारा? आज काम नाही म्हनत होते ना अध्यक्षसाहेब?"

"टाक म्हणतो ना!"

"टाकू कशा? शाळेच्या हायेत चाचा, मोडतीन." त्यानं एकेक खुर्ची उतरवली, भिंतीला टेकवून ठेवली, मग पळाला. तोवर तुम्ही साहेबांसमोर उभं राहून एकच वाक्य बोलला होतात: वादी गैरहजर, वादीचे वकील गैरहजर. दावा खारीज. दाव्याबरोबर वाटेचा हुकूमही गेला.

भीमराज साडेअकराला आला, खांद्यावर झेंडूच्या पाकळ्या. त्याला मीच सांगितलं. टोपली त्याच्या हातातच राहिली.

उरलेल्या खुर्च्या दुपारी उकंडानंच आणल्या. त्याला अजून वाटत होतं, तुम्ही साहेबांना त्याच्या वाटेचं सांगाल. तुम्ही संध्याकाळी स्वागताच्या भाषणात सांगितलंत की वकील आणि न्यायाधीश ही न्यायाच्या रथाची दोन चाकं आहेत. चाकाखाली कोण आलं, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर पुन्हा काटे पडले.

खारीज झालेला दावा पुन्हा चालवता येतो, पण गैरहजेरीचं खरं कारण अर्जात द्यावं लागतं. भीमराज चिंचेखाली तोच अर्ज मला सांगत होता, तेव्हा तुम्ही स्वतः चालत आलात. अध्यक्ष चिंचेखाली आलेले मी पहिल्यांदा पाहिले.

"काय लिहिता? ताप आला होता, लिहा. मी हरकत घेणार नाही. आठ दिवसांत दावा परत चालू, वाट परत खुली."

"आणि खरं लिहिलं तर?" भीमराजनं विचारलं.

"तर मला ते नाकारावं लागेल. मग किती महिने जातील, मोजा. शनिवारी डिस्ट्रिक्ट जज्जसाहेबांचं चहापान आहे. या वेळी तुम्हाला पुढच्या रांगेत बसवतो. ओळख करून देतो."

तुम्ही गेलात. उकंडा शेजारीच बसला होता. भीमराज त्याला म्हणाला, "दादा, वाट तुझी आहे. खोटं लिहिलं तर लवकर उघडंल. तू म्हणशील तसं."

उकंडानं तंबाखू थुंकली. "वकीलसाहेब, तुमाले ताप आलता, हे मानलं. मंग मले काय झालतं? मी तं खुर्च्या वाहून राह्यलो होतो. अख्ख्या बाजारानं पाह्यलं. खोटं बोलाचं तं निदान पटनारं तं पाह्यजे!"

भीमराज हसला. दीड वर्षात तो पहिल्यांदा मोकळा हसलेला पाहिला. म्हणाला, "लिहा चाचा. जसं घडलं तसं."

मी लिहिलं. शनिवारी तुमच्या चहापानाला हार आणायला कोणी नव्हतं, असं ऐकलं.

तुमचं उत्तर दाखल झालं आहे. 'असा कोणताही रिवाज या संघात नाही व कोणाचीही तारीख घेण्याचं मी कबूल केलं नव्हतं.' त्या तेरा वकिलांना साक्ष द्याल का, विचारलं. कोणी खोकत होतं, कोणी पान लावत होतं, एकाला त्या दिवशी कमी ऐकू येत होतं. खिडकीबाहेर मी होतो, माझं शपथपत्र अर्जाला जोडलं आहे. अर्ज लिहिणाऱ्याच्या शपथेला किंमत किती, असं तुम्ही कालच बाररूममध्ये म्हणालात. तेही मी ऐकलं.

सोमवारी अर्ज चालेल. तुळसाबाई मजुरी बुडवून येणार आहे, नाला ओलांडून, पायी. तिच्यासमोर बोला, अध्यक्षसाहेब. संघाची परंपरा नको, चाकं नको, रथ नको. "दोघांची तारीख मी घेतो," असं तुम्ही भीमराजला म्हणालात की नाही?

हो की नाही?